‘घण’मधली ठेच

“…मग ओळखाल का, बुवा? यातलं तुमचं कोणतं आणि माझं कोणतं?”

“मला विचारू नकोस. मला नीट ऐकू येत नाही.”

“मोठ्याने लावतो.”

“लाव.”

बुवांचं खरं नाव रत्नाकर उजागरे. तरुणपणी पुण्यात त्यांनी ‘लोहभस्म’ नावाचा हेवी मेटल बॅंड काढला होता. नावातली गंमत तेव्हा फारशी कोणाला कळली नाही. एका वैद्यांनी मात्र पहिल्या कार्यक्रमाचं तिकीट काढलं आणि ते पहिल्याच गाण्यात उठून गेले, असं सांगतात.

कमरेपर्यंत केस आणि छातीभर दाढी, म्हणून लोक त्यांना बुवा म्हणू लागले. पुढे केस गेले, दाढी गेली, बॅंडही गेला. नाव राहिलं.

मग बरीच वर्षं त्यांनी पाचगणीच्या एका शाळेत मुलांना गिटार शिकवली. आता पाचगणीच्या पुढे, डोंगराच्या उतारावर दोन खोल्यांत एकटे राहतात. डाव्या कानात सतत शिट्टी वाजते. उजव्यात तीही नाही.

समोर बसलेला यशोधन काटदरे पुण्याचा. वय पंचविशीचं, बोटं त्याहून हुशार. बुवांकडे तो एक दिवसही शिकला नव्हता. लोहभस्मच्या एकुलत्या एका कॅसेटवरून शिकला, आणि स्वतःला बुवांचा शिष्य म्हणवायचा. बुवांच्या कानावर हे आलं होतं. त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

आज तो पहिल्यांदाच आला होता. उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला.

तो आत आला तेव्हा बुवा चहा गाळत होते. कप तीन होते. दोन पुढे आले. तिसऱ्यावर बुवांनी बशी झाकली आणि तो खिडकीत ठेवला.

यशोधनने ते पाहिलं, पण त्याला घाई होती.

हेवी मेटलवाल्यांत एक रीत आहे. नव्या बॅंडांनी एखाद्या जुन्या बॅंडची गाणी वाटून घ्यायची, आपापल्या परीने वाजवायची आणि सगळ्यांचा मिळून एक अल्बम काढायचा. त्याला ते ट्रिब्यूट म्हणतात. श्राद्धासारखंच असतं, फक्त आवाज जास्त. आणि ज्याचं करायचं तो जिवंत असला तरी चालतं.

लोहभस्मचा ट्रिब्यूट यशोधन काढत होता. सगळ्यांत गाजलेलं गाणं, ‘घण’, त्याने अर्थातच स्वतःच्या बॅंडकडे ठेवलं होतं.

‘घण’मध्ये गिटारच्या सोलोच्या तोंडाशी एक जागा आहे. ड्रम धडधडत येतात आणि क्षणभर अडतात. मग घाव पडतो आणि सोलो सुटतो. त्या अडण्याला सगळे ‘ठेच’ म्हणतात. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कोणी ‘घण’ वाजवायला घेतलं की पोरं ठेचेपाशी श्वास रोखून उभी राहतात. जमली तर आरोळी. नाही जमली तर “घरी जा.”

यशोधनने फोनची वायर बुवांच्या गिटारच्या जुन्या ॲम्पला, म्हणजे स्पीकरच्या खोक्याला, जोडली. मूळ गाण्यातला आणि आपल्या गाण्यातला नेमका तेवढाच भाग तो लावणार होता, कारण गायकाच्या आवाजावरून कोणीही ओळखलं असतं.

बुवांनी खुर्ची पुढे ओढली आणि ॲम्पच्या लाकडी खोक्यावर तळहात टेकवला.

“हे काय?”

“ऐकतोय.”

पहिलं झालं. खिडकीच्या काचा थरथरल्या. दुसरं झालं. पुन्हा थरथरल्या.

“दुसरं माझं,” बुवा म्हणाले.

“नक्की?”

“हो. दुसऱ्यात मी बरं वाजवलंय.”

यशोधनने आनंदाने मांडीवर थाप मारली, आणि मनगटातून कळ आली म्हणून तोंड वाकडं केलं.

“दुसरं माझं आहे, बुवा! पहिलं तुमचं!”

“असं होय…” बुवांनी हात काढला. “म्हणजे पहिल्यातली गडबड माझी.”

“गडबड कसली हो!”

“फसलो खरा.”

त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. यशोधनला ते जरा खटकलं. एवढ्या लांब येऊन गुरूला फसवायचं आणि गुरूने चहा पीत राहायचं, यात मजा नव्हती.

“कॅसेटची खरखरसुद्धा घातली आहे,” तो म्हणाला. “तिच्याशिवाय मूळ वाटेना.”

“ती खरखर घालवायला आम्ही फार धडपडलो होतो.”

“पण लोकांच्या कानात तीच बसलीय ना.”

“असेल.”

“बुवा, अल्बमच्या आतल्या पानावर तुमच्या दोन ओळी छापायच्या आहेत. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो.”

“लिही. मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, मला ओळखता आलं नाही.”

यशोधनची बोटं फोनवर भराभर चालली. हेच तर त्याला हवं होतं. हे वाक्य छापून आलं की पुण्यात कोणी त्याच्यापुढे तोंड उघडलं नसतं.

“पुढे?”

“पुढे लिही, मी बहिरा आहे.”

हे यशोधनने लिहिलं नाही.

“बाकीच्यांनी काय वाजवलंय?” बुवांनी विचारलं.

“विचारू नका. कोल्हापूरच्या बॅंडने ड्रमच्या जागी हलगी घेतलीय. हेवी मेटलमध्ये हलगी!”

“बरी वाजते?”

“वाजते हो. पण ते तुमचं गाणं राहिलंच नाही.”

“आणि?”

“नागपूरची एक मुलगी आहे. तिने ‘राख’ हळू आवाजात म्हटलंय. नुसत्या एका गिटारवर. गाण्याचा पार वरणभात केलाय.”

“वरणभात लोक रोज खातात.”

ही स्तुती कोणाची झाली, ते यशोधनला कळेना.

“मी तसलं काही केलं नाही,” तो म्हणाला. “प्रत्येक सूर तुमचा. ठेच तर कॉम्प्युटरवर मोजून घेतली. मूळ गाणं पडद्यावर ताणून पसरलं, दोन घावांमधली फट मापली, आणि तेवढीच ठेवली. केसभर कमी नाही, जास्त नाही.”

“ड्रम कोणी वाजवले?”

“…मशीनने.”

“बॅंडला ड्रमर नाही?”

“होता.”

बुवांनी कप खाली ठेवला.

“म्हणजे आहे. म्हणजे… सोहेल. सोहेल तांबोळी. शाळेपासून एकत्र आहोत आम्ही. पण त्याला ठेच जमेना. दिवसभर स्टुडिओत बसलो. कधी लवकर यायचा, कधी उशिरा. मी म्हटलं, अरे, मोजून थांब. तर म्हणतो, ठरवून ठेच कशी लागेल?”

“मग?”

“मग मी मशीन लावलं. तो म्हणाला, आता बॅंडमध्येही मशीनच घे. आणि गेला.”

“तुला वाईट वाटलं?”

“गाणं महत्त्वाचं, बुवा.”

यशोधनने खाली पाहिलं. वाईट वाटलं होतं. रोज वाटत होतं. सोहेलशिवाय स्टुडिओत जायला नको व्हायचं. पण हे सांगायला तो डोंगर चढून आला नव्हता.

“माझ्याकडे दोन्ही आहेत,” तो म्हणाला. “एक मशीनचं आणि एक सोहेलचं. मुंबईचा माणूस अल्बमवर शेवटचा हात फिरवणार आहे, त्याला संध्याकाळपर्यंत एक पाठवायचंय. मशीनचं पाठवलं तर सोहेल पुन्हा यायचा नाही. सोहेलचं पाठवलं तर ‘घण’मध्ये ठेच नाही. लोक हसतील. तुम्ही म्हणाल ते पाठवतो.”

“तू ठरवून आलायस.”

“तुम्हीच आत्ता म्हणालात ना, ओळखता आलं नाही म्हणून. म्हणजे मूळ आणि माझं मशीनचं, दोन्ही सारखीच ठरली.”

“ठरली.”

“मग मूळ गाण्यात माझ्यापेक्षा जास्त काय आहे?”

“काही नाही.”

…

खाली रस्त्यावरून एक बस गेली. यशोधनने आवाज ऐकला. बुवांनी खिडकीतून ती पाहिली.

“मनगटाला काय झालं?”

“सराव जास्त झाला. मोटारसायकलचा ॲक्सिलरेटर पिळवत नाही.”

“मग आलास कसा?”

यशोधनने मनगटावरचा पट्टा सारखा केला.

“माझ्या आईने सोहेलला फोन केला,” तो शेवटी म्हणाला. “मला न विचारता. सकाळी येऊन दारात उभा राहिला. हेल्मेट दिलं हातात. वाटेत एक शब्द बोलला नाही. वर ये म्हटलं तर म्हणतो, तुझे गुरू, तू जा.”

“ये म्हटलंस?”

“…चल म्हटलं.”

“कसं?”

“म्हणजे… येतोस का, असं.”

बुवांनी मान हलवली. खिडकीतल्या कपावरची बशी एकदा उचलून पाहिली आणि परत ठेवली.

“आमच्या ड्रमरचं नाव खुडे,” ते म्हणाले. “वसंत खुडे. आम्ही खुड्या म्हणायचो.”

“माहीत आहे. वारले ते.”

“वारला. … त्या वेळी स्टुडिओत तुकडे जोडायची सोय आम्हाला परवडत नव्हती. सगळ्यांनी एका खोलीत उभं राहायचं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.”

“हो.”

“सोलोच्या तोंडाशी मी हरवलो.”

“म्हणजे?”

“हरवलो. बोटं कुठे ठेवायची तेच आठवेना. घाम आला. समोर खुड्या होता. त्याचा हात घावासाठी वर गेलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं.”

बुवांनी उजवा हात डोक्यापर्यंत वर नेला आणि तिथेच ठेवला. यशोधन त्या हाताकडे पाहत राहिला. हात खाली येईना.

“मी सापडलो,” बुवा म्हणाले, आणि हात ॲम्पवर आणला. खोका बद्द वाजला.

…

“किती वेळ थांबले ते?” यशोधनने विचारलं.

“मला काय माहीत. तू मोजलंयस.”

गावोगावच्या कॉलेजांतली पोरं यशोधनच्या डोळ्यांपुढे आली, श्वास रोखून उभी असलेली. त्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मारलं असतं.

“पण सगळे म्हणतात,” तो चाचरत म्हणाला, “की खुडेंनी ती जागा विचार करून बसवली होती. त्यावर लोकांनी लेख लिहिलेत, बुवा.”

“खुड्याने वाचले असते तर फार हसला असता.”

“आणि तुम्ही कधी सांगितलं नाहीत?”

“ठेच मला लागली होती. नाव त्याचं झालं. मी कशाला सांगू?”

“म्हणजे इतकी वर्षं आम्ही सगळे तुमची चूक…”

“माझी चूक नाही. ती ऐकूच येत नाही. तेच तर त्याने केलं.”

यशोधनला राग आला. कोणाचा, ते त्याला सांगता आलं नसतं. त्याने फोन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“सोहेलचं लाव,” बुवा म्हणाले.

“त्यात ठेच नाही, बुवा. आधीच सांगतो. तिथे तो सरळ निघून जातो. आणि पुढे सोलोत, जलद जागेत, ढिला पडलाय.”

“लाव.”

बुवांनी पुन्हा तळहात टेकवला. डोळे मिटले.

गाणं ठेचेच्या जागी आलं आणि न अडता पुढे गेलं. यशोधनने ओठ आवळले. सोलो सुटला. मग ती जलद जागा आली. ड्रम किंचित मागे रेलले. थोडा वेळ तसेच राहिले आणि पुन्हा पहिल्या चालीवर आले.

बुवांनी डोळे उघडले.

“इथे काय झालं?”

“तेच सांगत होतो. ढिला पडला. सगळ्यांसमोर बोललो मी त्याला. म्हटलं, ताल सांभाळता येत नाही तर ड्रमवर बसायचं कशाला?”

“तो काय म्हणाला?”

“काही नाही. स्टिक्स पिशवीत घातल्या.”

“तू कुठे होतास?”

“समोरच होतो.”

“गाण्यात कुठे होतास?”

यशोधनने तो भाग पुन्हा लावला. या वेळी बुवांनी हात लावला नाही. त्याने आवाज कमी केला आणि वाकून ॲम्पला कान भिडवला. फक्त स्वतःची गिटार ऐकू लागला.

तिसऱ्यांदा लावला.

मग बंद केला.

त्याचा डावा हात आपोआप उजव्या मनगटाच्या पट्ट्यावर गेला होता.

“…तेव्हाच दुखायला लागलं होतं,” तो म्हणाला. “मी कोणाला बोललो नव्हतो. जलद जागेत हात चालेना. मला वाटलं, ओढून नेलं मी. कळलं नाही कोणाला.”

बुवांनी त्या पट्ट्याकडे पाहिलं.

“त्याला दिसलं असेल?”

बुवांची नजर खिडकीकडे गेली.

“तो समोर बसला होता,” यशोधन म्हणाला.

चहा कधीच संपला होता. तरी त्याने कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. त्याला लाज वाटत होती, आणि बुवांनी काहीतरी बोलावं, निदान रागवावं, असं वाटत होतं. बुवा रागावले नाहीत.

“बुवा… आतल्या पानावरच्या तुमच्या ओळी काढून टाकतो.”

“राहू दे. खऱ्या आहेत.”

“मग गाणं कोणतं पाठवू ते सांगा. संध्याकाळपर्यंत वेळ आहे. मशीनचं की सोहेलचं?”

बुवा उठले. खिडकीपाशी गेले. यशोधनही मागोमाग गेला.

खाली रस्त्याच्या कडेला मका भाजणाऱ्या बाईचं पाल होतं. पालाशेजारी मोटारसायकल, आणि मोटारसायकलवर सोहेल, पाठ डोंगराकडे करून. त्याने दोन कणसं घेतली होती. दुसरं बहुधा यशोधनसाठी होतं, पण माणूस किती वेळ वाट पाहणार. दोन्ही खाऊन झाली होती. दाणे संपलेली ती कणसं हातांत धरून तो पेट्रोलच्या टाकीवर वाजवत होता. मान डुलत होती. मधेच एक हात वर जायचा.

बाई मका भाजायची थांबून त्याच्याकडे पाहत होती.

“काय वाजवतोय तो?” बुवांनी विचारलं.

यशोधनने कान दिला. वारा होता.

“इथून ऐकू येत नाही, बुवा.”

बुवांनी खिडकीतला तिसरा कप उचलला, बशी काढली आणि कप त्याच्या डाव्या हातात दिला.

“मग जवळ जा.”